वाकडा चमचा

पार्सलमधला लाकडी चमचा डावीकडे झुकलेला दिसेल. तो तसाच ठेवा. तुमच्यासाठी आधी केलेला याहून सुबक होता. तो का पाठवला नाही, ते सांगते.

तीन आठवडे मी रोज सकाळी आमच्या गल्लीतल्या सुतारांकडे शिवणीच्या लाकडाचा चमचा कोरायला शिकत होते. दांडा सुरीने तासायचा, पुढचा खोलगट भाग गोल पटाशीने कोरायचा. बोट दोनदा कापलं. चमचा संपत आला त्या दिवशी तुमचा फोन आला, म्हणून बाहेर जाऊन दहा मिनिटं बोलले. परत येऊन बघते तर सुतारांनी तो मशीनवर घासून गुळगुळीत केलेला! माझ्या सुरीची एक खूण उरली नव्हती.

"हे काहून केलं?" रागात माझ्याही तोंडी नागपुरी येते.

"वाकडा होता ना बाई. नातवाईले पाठवून राहिल्या, म्हटलं चांगला दिसला पाहिजे."

"चांगला तर विकत मिळतो, भाऊ! मला माझा पाठवायचा होता."

घरी तुमचे आजोबा म्हणाले, "वा, अगदी दुकानातल्यासारखा झालाय!" दिवसभर मी त्यांच्याशीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आधी मशीनची पिन बोर्डातून काढायला लावली, मगच नव्या चमच्यासाठी पटाशी उचलली.

तो गुळगुळीत चमचा आता वरण ढवळायला वापरते आणि रोज नव्याने चिडते. तुमच्याकडचा पूर्ण माझा आहे. हाताला खरखरीत लागला तरी चालेल, पण कुणालाही घासू देऊ नका.