अठ्ठेचाळीस-चौदा

सायकलीशी एवढी हुज्जत घालणारा माणूस अख्ख्या लातुरात दुसरा सापडायचा नाही. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका कोचिंग क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतात आणि उरलेला वेळ मधोमध दुमडणाऱ्या एका सायकलीला समजावण्यात घालवतात. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी तिला मोटर आणि बॅटरी बसवली. शहाण्याने तिथे थांबावं. दाजींनी पुढचं दातेरी चक्र बदललं, मग मागचं, मग पुन्हा पुढचं. मी नांदेडहून गेलो की ताई पाणी आणायच्या आधी दाजी चक्र हातात देऊन म्हणत, "दाते मोज." एकदा तर सायकल दुमडून क्लासच्या टेबलावर मांडली आणि तासभर गिअर शिकवला. हे 'नीट'च्या परीक्षेला येतं का, असं विचारायला दुसऱ्या दिवशी चार पालक हजर.

दुसरी खोड वाकण्याची. उंची जेमतेम सव्वापाच फूट, पण कुठल्याही दारातून शिरताना मान खाली. माझ्या फ्लॅटच्या दारातून उंट आत येईल, तिथेही वाकले. मी हसलो तर म्हणाले, "गावाकडलं दार ठेंगणं होतं रे." ते दार, ते माळवदाचं घर आणि आत झोपलेली त्यांची आई त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. दाजी तेव्हा नोकरीसाठी लातुरात, भाड्याच्या खोलीत होते. गाव पुढे दुसरीकडे वसलं. जुन्या जागेवर बाभळी माजल्या, आणि घर नेमकं कुठे होतं ते सांगायला एक भिंतही उरली नाही.

शेवटी एकदा मी वैतागून विचारलं, हे दात्यांचं काय चाललंय?

"ओढ्याच्या पुलापासून एकशे सदतीस पायडलं," दाजी म्हणाले. "जुन्या सायकलीवर रोज मोजायचो. मग पाय थांबवायचे अन् घंटी वाजवत सोडून द्यायची. बरोबर दारात जाऊन थांबायची. घंटी ऐकली की आई चहा टाकायची. हिची चाकं लहान हायत. एका पायडलात तेवढंच अंतर काटलं, तरच घर सापडतंय."

"मग मोटर कशाला?"

"पुलापासून चढ हाय. माझ्या गुडघ्याला इचार."

पुढे अठ्ठेचाळीस दाते, मागे चौदा, तिथे गणित जुळलं. गेल्या महिन्यात आम्ही सायकल दुमडून बसमध्ये चढवली. कंडक्टरला ती शिलाई मशीन वाटली. पुलावर दाजींनी तिची घडी उलगडली, मोटर अगदी हळू ठेवली आणि मोठ्याने मोजत निघाले. मी धापा टाकत मागे. चढ सरला, सपाटी आली. एकशे सदतीसला पाय थांबले, मोटर बंद झाली आणि बाभळींच्या त्या रानात घंटी वाजत राहिली.

पण सायकल लगेचच अडखळून उभी राहिली. मोटरीचं चाक जड, ते जुन्यासारखं घरंगळेना.

"हे हिशेबात धरलंच न्हाई मी," दाजी पुटपुटले. जन्मभर फिजिक्स शिकवलेला माणूस. सायकल माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "ऱ्हायलं तेवढं पायी जातो."

आठ-दहा पावलं गेले. एका जागी थांबून चपला काढल्या. वर नुसतं मोकळं आभाळ होतं, तरी दाजींनी मान खाली घातली आणि पुढे पाऊल टाकलं. मी सायकल धरून बाहेरच थांबलो.