गोड बोलणारे घड्याळवाले

मंडईजवळच्या आमच्या घड्याळवाल्या काकांनी साठीत इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला, कारण आयटीतल्या गिऱ्हाइकांना त्यांचं मराठी कळत नव्हतं. कळत नव्हतं तेच बरं होतं. "घड्याळ बंद पडलंय," म्हटलं की डोळ्यावरचं भिंग न काढता काका विचारायचे, "चालू असतं तर आणलं असतंत का?"

क्लासमध्ये त्यांना फक्त गोड वाक्यं शिकवली. त्यामुळे इंग्रजीत हा माणूस ओळखूच येत नाही. परवा एका मुलीला त्यांनी चक्क थँक्यू म्हटलं. बसायला स्टूलही दिलं. पंधरा वर्षांत मला त्या स्टुलाला हात लावायची परवानगी नव्हती.

ती गेल्यावर मीही घड्याळ पुढे करून इंग्रजीत सुरुवात केली.

"प्लीज सिट, सर," काका म्हणाले. मी बसलो. मग ते हसतमुखाने पुण्याच्या हवेबद्दल बोलत राहिले आणि मला चुकून दुसऱ्याच दुकानात शिरल्यासारखं वाटू लागलं. त्यांनाही बहुधा करमेना. त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं.

"उठा हो," ते मराठीत म्हणाले. "तिथे गिऱ्हाइकं बसतात."