तिसरा ठिपका

माझे भाऊजी सायलेन्सरचे मिस्त्री होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच कामातून आल्या. डावा कान चाळिशीत गेला, उजवा पन्नाशीत. लोकांना वाटलं, आता हा माणूस शेड बंद करणार. भाऊजी म्हणाले, "बरं झालं. कामात व्यत्यय येत होता."

मी त्यांच्या शेडमध्ये सत्तावीस वर्षं नळ्या वाकवल्या. नळी वाकवणं म्हणजे नुसता जोर लावणं नव्हे. नळीत कोरडी वाळू भरायची, ठोकून ठोकून बसवायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची, तापवायची आणि मग हळू वळवायची. वाळू सैल राहिली की बाकाला सुरकुती पडते. सुरकुती पडली की धूर अडतो आणि धूर अडला की इंजिन दमतं. सत्तावीस वर्षांत माझ्या सुरकुत्या नऊ. नऊही मला आठवतात.

भाऊजी गाडी हाताने तपासायचे. इंजिन चालू करून धुराच्या नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उघडा तळहात धरायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "दुसरा सिलिंडर आळशी आहे," किंवा "जोड फुटलाय, पुढून तिसरा." गाडीखालच्या खड्ड्यात उतरून बघावं तर जोड फुटलेलाच असायचा, पुढून तिसरा. म्हणून लोक त्यांना नाडीवाले म्हणायचे. माणसांशी बोलताना ते ओठ वाचत. घरी माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, जमिनीवर पाय आपटून हाक मारायची. एकदा आपटला तर जेवायला या, दोनदा आपटला तर पाहुणे आलेत, तीनदा आपटला तर काय केलंत ते मला कळलंय.

काम पुरं झालं की भाऊजी नळीवर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खुंटीने, तीन ठिपके मारायचे. पहिला ठिपका म्हणजे जोड गळणार नाही. दुसरा म्हणजे नळी लोंबणार नाही. तिसरा म्हणजे गाडी आली तेव्हा जेवढी ओढत होती त्यापेक्षा कमी ओढणार नाही. हा तिसरा ठिपका ते हवेत मारत नसत. शेडमागे चढाचा रस्ता होता. खाली पाण्याची टाकी, वर दिव्याचा खांब. गाडी आल्या दिवशी एकदा आणि काम झाल्यावर एकदा त्या चढावर, त्याच गिअरमध्ये पळवायची. घड्याळ माझ्या हातात. घड्याळ ताईचं, ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. वेळ वाढली तर ठिपका नाही आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

जुनी गाडी विकत घेणारे लोक आधी जमिनीवर आडवे होऊन ठिपके बघायचे आणि मग गाडीचा रंग. इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं मी रस्त्यावर पालथी पडलेली पाहिली आहेत.

तर अशा माणसाकडे दातांचे डॉक्टर आले.

गाडी लाल, दोन दारांची, बसकी. डॉक्टर उंच. ते गाडीतून उतरत नसत, उलगडत असत. दवाखान्यातून थेट आले होते आणि तोंडावर मास्क तसाच होता. ते बराच वेळ बोलले. भाऊजींनी शांतपणे ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "डॉक्टर, तोंड उघडा."

डॉक्टरांनी सवयीने आऽ केला.

"एवढं नको. मास्क काढा. मला ओठ दिसले पाहिजेत."

मग कळलं ते असं. डॉक्टरांच्या घरापासून दवाखाना अकरा मिनिटांवर. मध्ये चार सिग्नल. गाडी एवढी जोरदार, पण आवाज शिलाई मशीनसारखा. सिग्नलला शेजारी भाजीचा टेम्पो उभा राहिला तर टेम्पोच जोरदार वाटतो. "मिस्त्री, मला वेग पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "आणि आवाज."

"दोन्ही वेगळी कामं आहेत. एक सांगा."

"वेग," डॉक्टर म्हणाले. माणूस विचारल्यावर नेहमी बरी गोष्ट सांगतो.

चढावर गाडी साडेचौदा सेकंदांत गेली. आम्ही नऊ दिवस काम केलं. मूळच्या नळीत दोन बाक चेपलेले होते, ते मी नव्याने काढले. एकूण सात बाक, सुरकुती शून्य. भाऊजींनी आतल्या डब्याची जाळी स्वतः विणल्यासारखी बसवली. चढावर बरोबर चौदा. अर्धा सेकंद ऐकायला थोडा वाटतो. ज्याने तो लोखंडातून काढला त्याला विचारा.

तीन ठिपके मारले. डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

"गाडी मेली," ते म्हणाले.

"चढावर अर्धा सेकंद लवकर जाते," मी घड्याळ दाखवलं.

"घड्याळाला काय कळतं? मी आत बसतो. आतून ती आता चालतच नाही. काल मी सिग्नलला चालू इंजिन पुन्हा चालू केलं."

भाऊजींनी त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं. त्यांना वाटलं वाचण्यात चूक झाली. मला विचारलं, "चालू इंजिन चालू केलं म्हणतात का?"

"हो."

"का?"

"आवाज नव्हता म्हणून."

भाऊजी गाडीमागे गेले, हात धरला आणि डोळे मिटून म्हणाले, "अरे, चांगली धडधडतेय की."

पण डॉक्टर ऐकेनात. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन शेडच्या दारात उभे राहायचे, रुग्ण खुर्चीत बसायला घाबरतो तसे. पाचव्या दिवशी भाऊजी वैतागले. आम्ही नळी डब्यासकट काढली, जाड सरळ नळी टाकली. दीड तासाचं काम. त्याला काम म्हणायचं तर. गाडी चालू केली तेव्हा पत्र्यावरची कबुतरं गेली ती दुसऱ्या दिवशी आली. चढावर पंधरा सेकंद.

डॉक्टर उलगडले. डोळ्यांत पाणी. "आता उडतेय!"

"पंधरा," मी म्हणालो.

"बघा! पंधरा!"

"पंधरा म्हणजे हळू, डॉक्टर. आधी चौदा होते."

त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही. ते म्हणाले, "आता ठिपके मारा."

भाऊजींनी मान हलवली. गाडी आली त्यापेक्षा कमी ओढत होती.

"जोड गळत नाही ना? नळी लोंबत नाही ना? मग दोन तरी द्या."

"दोन ठिपके म्हणजे काय? अर्धा दिलेला शब्द? तीन नाहीतर काही नाही."

डॉक्टर गेले. चौकापलीकडे गेल्यावरही आम्हाला ते जाताना ऐकू येत होते. म्हणजे मला.

पुढे जे झालं ते डॉक्टरांनीच नंतर सांगितलं. दर रविवारी अशा गाड्यांचे मालक एका मोकळ्या मैदानात जमायचे आणि एकमेकांच्या गाड्यांखाली आडवे व्हायचे. डॉक्टरांच्या गाडीखालून एक जण बाहेर आला आणि "आवाज आहे, पण ठिपके नाहीत," असं म्हणून कपडे झटकू लागला. सोमवारी डॉक्टरांनी दवाखाना दोन तास बंद ठेवला. गाडी दवाखान्याच्या दाराशी जॅकवर चढवली, रुग्णाच्या खुर्चीवरचा दिवा गाडीखाली ओढून घेतला, मास्क लावला, आणि दात कोरायच्या यंत्राने स्वतःच तीन ठिपके कोरायला घेतले. नर्स लोखंडाचा कीस थुंकी ओढायच्या नळीने ओढत होती.

दात कोरताना डॉक्टर मऊ लागेपर्यंत आत जातो, मग थांबतो. हाताला तीच सवय. लोखंडात मऊ काही लागत नाही. डॉक्टर मऊची वाट बघत गेले आणि आरपार निघाले. तीनही वेळा. पहिल्यानंतर तरी थांबायचं होतं, पण तीन ठिपके सारखे दिसायला हवेत म्हणाले.

गाडी शिट्टी वाजवायला लागली. वेग वाढला की सूर वर जायचा. ताई शाळेतून येत होती, तिच्या शेजारून गाडी गेली आणि तिने थबकून विचारलं, "फाउल कोणी केला?"

रविवारी मैदानात डॉक्टर हिरो झाले. ठिपकेवाली नळी शिट्टी वाजवते, हे सगळ्यांना नवीन होतं. त्या आठवड्यात आमच्या शेडमध्ये चौदा माणसं आली. सगळ्यांना तीन ठिपक्यांची शिट्टी पाहिजे होती. एकाने सूरही सांगितला.

भाऊजी मला म्हणाले, "हे शिट्टी म्हणतायत की माझं वाचायचं बिघडलं?"

पंधरावा माणूस टॅक्सीवाला होता. त्याच्या बारा टॅक्सी, सगळ्यांवर आमचे ठिपके. तो रागावला नाही, म्हणून जास्त लागलं. म्हणाला, "नाडीवाले, आजपर्यंत मी गाडी घेताना तुमचे ठिपके बघायचो. आता ठिपके म्हणजे शिट्टी म्हणतात. माझे ड्रायव्हर रस्त्यात हसं करून घेतात. नव्या दोन टॅक्सींचं काम मी दुसरीकडे देतोय. तुम्हाला सांगून जावं म्हटलं."

डॉक्टरांना बोलावून घेतलं. गाडी खड्ड्यावर आली. भाऊजींनी आधी बघितलं नाही. सवयीप्रमाणे नळीच्या लांबीवर हात फिरवत गेले आणि मध्येच थांबले. "तीन सुया," म्हणाले. तळहातावर गरम हवेच्या तीन बारीक धारा लागत होत्या. मग दिवा घेतला. तीन ठिपके, सारखे, गोल, एका रेषेत.

"हे माझे नाहीत," ते म्हणाले. "माझा तिसरा उथळ असतो."

मला सत्तावीस वर्षांत हे माहीत नव्हतं. पहिले दोन ते धडाधड मारायचे. तिसऱ्याला थांबायचे, एकदा चढाकडे बघायचे, खरंच म्हणतोय ना आपण, असं. तेवढ्यात हात हलका पडायचा. मी शेडमधल्या तीन गाड्या बघितल्या. तिन्हींचा तिसरा उथळ.

डॉक्टर खाली मान घालून उभे होते. "मिस्त्री, मला वाटलं, खूण काय, कोणीही मारली तरी खूणच."

भाऊजी वळले. पंच उचलला, शिकंज्यात आवळला आणि कानस घेतली. टोक घासून टाकणार होते. मी धावत घरी गेलो. घर शेडला लागूनच. ताई आली आणि काँक्रीटवर तीनदा पाय आपटला. भाऊजींचा हात थांबला.

"काय चाललंय?" ती त्यांच्या समोर येऊन म्हणाली. "शेकडो गाड्यांवर तुमचा शब्द मारलेला फिरतोय इथे. पंच घासलात तर तो सगळा खोटा. त्या डॉक्टरने तीनच ठिपके खोटे केले, बाकीचे सगळे तुम्ही करा."

"मग काय करू? त्याला आवाज पाहिजे. सगळ्यांना आवाजच पाहिजे."

"अहो, त्याला आवाज पाहिजे, तो आत बसलेल्याला. बाहेरच्यांना नकोच आहे. मला तर मुळीच नको."

भाऊजींनी कानस खाली ठेवली. तिच्या ओठांकडे बघत राहिले, ती बोलायची थांबली होती तरी.

पुढचे सहा दिवस मी सांगतो, कारण श्रम तिथे झाले. तीन भोकांची सरळ नळी काढून फेकली. आमची सात बाकांची जुनी नळी कोपऱ्यात पडली होती, ती जुने ठिपके घासून डब्यासकट परत चढवली. मग भाऊजींनी धुराला हातच लावला नाही. इंजिन हवा आत ओढतं त्या बाजूला, गाळणीच्या पुढे, अंगठ्याएवढी एक नळी जोडली आणि ती गाडीच्या आत, चालवणाऱ्याच्या गुडघ्यापाशी आणली. मध्ये रबराचा ताणलेला पडदा. हवा पडद्यापाशी थांबते, थरथर पुढे जाते. रबर डॉक्टरांनी दिलं. दाताभोवती ताणायचं पातळ रबर त्यांच्याकडे होतं. पहिला पडदा सैल. दुसरा फाटला. तिसऱ्याला भाऊजींनी बोट लावलं आणि म्हणाले, "गुरगुरतोय." त्या नळीचा एक बाक मी चार वेळा काढला. ती कुणाला दिसणार नव्हती.

डॉक्टर आत बसले, काच वर केली, पेडल दाबलं. बाहेर काही नाही, शिलाई मशीन. आत त्यांचे केस उभे राहिलेले काचेतून दिसले. ते आमच्याकडे बघून ओरडत होते आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. भाऊजींनी ओठ वाचले. "आई गं म्हणतायत," त्यांनी मला सांगितलं.

मग चढ. आता खरी गोष्ट ही होती. नवीन नळीने हवा चोरली असती, अर्धा सेकंद गेला असता, तर भाऊजींनी पंच घासलाच असता. ते मला सांगूनच टाकीपाशी उभे राहिले होते. टॅक्सीवालाही आला होता, बोलावलं होतं म्हणून. मी खांबाखाली घड्याळ धरून. लाल गाडी अजिबात आवाज न करता वर आली. आत डॉक्टर तोंड उघडून, एखाद्या रुग्णासारखे. मी घड्याळ थांबवलं.

चौदा.

मी ओरडलो नाही, उपयोग नव्हता. एक बोट वर केलं आणि मग चार.

खड्ड्यात भाऊजी उतरले. डॉक्टर इस्त्रीच्या पँटीत शेजारी उतरले, टॅक्सीवाला वरून वाकला. ठक. ठक. मग भाऊजी थांबले आणि चढाकडे बघितलं. खड्ड्यातून चढ दिसत नाही, तरी बघितलं. मग तिसरा.

टॅक्सीवाल्याने हात खाली घालून तिन्ही चाचपले. "तिसरा हलका लागतोय," तो म्हणाला.

"तो तसाच बघायचा," मी म्हणालो. तो दोन टॅक्सी दुसऱ्या दिवशी घेऊन आला. आता लोक नुसते आडवे होत नाहीत, तिसऱ्या ठिपक्यावर नखही फिरवतात.

शिट्टी मागायला येणाऱ्यांना भाऊजी दवाखान्याचा पत्ता द्यायचे. महिन्याभरात डॉक्टरांना दारावर पाटी लावावी लागली: येथे फक्त माणसांचे दात कोरले जातात.