राजीनाम्यावर उभं राहिलेलं अजायबघर

काशीत संकठा घाटाच्या वर, गल्लीच्या वळणावर आमचं अजायबघर, म्हणजे जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्याच्या दारावर संगमरवरी पाटी बसवली आहे. ही इमारत महाराष्ट्रीय पाठशाळेच्या शास्त्रीजींनी शहराला राजीखुशीने दिली, असं तीवर हिंदीत कोरलंय. ते शास्त्रीजी म्हणजे आमचे हे. राजीखुशीने म्हणे! ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि आता केस पांढरे झाले तरी ती पुरती विझलेली नाही. हे होते तोवर मी तोंड मिटून बसले. आता हे नाहीत, तेव्हा खरं काय झालं ते सांगून टाकते.

इमारत मूळची दक्षिणेतल्या एका सरदाराने बांधलेली. चुनारचा दगड, आणि इतकी उंचावर की गंगेला कितीही पूर येवो, पायरीला पाणी म्हणून लागत नसे. त्याने ती विद्यार्थ्यांसाठी ठेवली आणि कारभार पाठशाळेच्या मुख्य शास्त्र्याने बघावा असं लिहून दिलं. आमच्या वेळी तो ह्यांच्याकडे होता. खाली वीसेक विद्यार्थी व्याकरण घोकायचे, वर पोथ्यांची खोली. आम्ही पलीकडच्या गल्लीत राहायचो, पण ह्यांचा मुक्काम तिथेच. जेवायला बोलवायलासुद्धा मला माणूस धाडावं लागे. ती पाठशाळा हेच ह्यांचं सगळं होतं, आणि ते मला कधी खुपलं नाही.

मग जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाच्या मनात आलं की काशीतल्या जुन्या मूर्ती, नाणी, पोथ्या एका जागी मांडाव्यात. त्याने शहरातल्या बड्या मंडळींची कमिटी नेमली आणि तीत ह्यांनाही घेतलं. झालं! हे हवेतच. ठेवणीतली पगडी निघाली, दोन जुन्या पोथ्या रेशमी फडक्यात बांधून दाखवायला नेल्या.

"अगं, साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला," असं त्या दिवशी मला चार वेळा सांगितलं.

"अहो, पण हे सगळं मांडणार कुठे, ते विचारलंत का त्याला?" मी म्हटलं.

"तुला कमिटीतलं काय कळतंय?"

मला नव्हतं कळत. तिसऱ्या बैठकीत ह्यांनाच कळलं. जागा हवी दगडी, कोरडी, पुरापासून लांब. सगळ्यांच्या माना आमच्या पाठशाळेकडे वळल्या. साहेब मात्र सभ्यपणे म्हणाला की शास्त्रीजी राजी असतील तरच, आणि तसा कागद त्यांनी कचेरीत द्यावा.

हे घरी आले ते तणतणतच. आता दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे 'नाही देत' म्हणून मोकळा झाला असता. दोन शब्द! पण आमची जात ती. अपमान झाला की आधी राजीनामा तोंडावर फेकायचा, मग बाकीचं. ह्यांनी तिथेच पाटावर बसून कमिटीचा राजीनामा लिहिला, तोही मोडीत, कारण पत्र मोडीतच लिहायचं ही घरची रीत. न जेवता कचेरीत गेले. मुनशीने कागद उलटासुलटा करून पाहिला. त्याला त्यातलं अक्षर लागेना. त्याने विचारलं, हे काय आहे? हे कडाडले, "राजीनामा!" आणि पाठ फिरवून घरी.

आम्ही चार पिढ्या काशीत. घरात मराठी, भाजी घेताना हिंदी, आणि ह्यांचं बाहेरचं सगळं बोलणं संस्कृतात. कचेरीतल्या उर्दूशी आमचा काडीचा संबंध नव्हता. तिथे नोकरी सोडली तर इस्तीफा देतात. आणि राजीनामा कधी देतात? माणूस एखाद्या गोष्टीला राजी झाला, की त्या कबुलीचा! मुनशीने वहीत नोंद केली, शास्त्रीजींची संमती आली.

आठव्या दिवशी, जागा दिल्याबद्दल साहेबाचं आभाराचं पत्र आलं. मी म्हटलं, "असेच उठा आणि जाऊन सांगा, घोटाळा झालाय." तर हे तीन दिवस कोश घेऊन बसले. चौथ्या दिवशी मला म्हणतात, "मुनशीचं बरोबर आहे. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. आपणच तो शब्द उलटा वापरतो गं."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, इमारत चाललीये! तुम्ही शब्दाचा कीस काय पाडत बसलाय? पोरांना घेऊन कुठे जाणार आहात?"

शेवटी मीच एक्का बोलावला आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. कचेरीत बायका जात नसत, म्हणून मी बाहेर एक्क्यातच थांबायचं ठरलं. उतरताना मी ह्यांना बजावलं, "कागद वाचून दाखवायची वेळ आली तर मला हाक मारा." माझे वडील इंदूरला दफ्तरात होते, त्यांनी आम्हा बहिणींना मोडी शिकवलेली. ह्यांचे डोळे अधू झाल्यापासून देशावरून येणारी बारीक मोडीतली पत्रं मीच तर वाचून दाखवायची.

अर्ध्या तासाने हे आले. चेहरा पार उतरलेला. एक्का निघाला, चौक आला, तेव्हा मीच विचारलं,

"काय झालं ते सांगाल का?"

"साहेब भला माणूस आहे," हे म्हणाले. "त्याने कागद काढून समोर ठेवला. मी सांगितलं, यात लिहिलंय, कमिटी सोडतो आणि पाठशाळेची जागा कदापि देणार नाही."

म्हणजे ते दोन शब्दही लिहिले होते की ह्यांनी! मला इतके दिवस ठाऊकच नव्हतं. "मग?"

"तो म्हणाला, तसं असेल तर हा कागद आत्ता फाडतो. पण तुमच्याशिवाय आणखी कोणीतरी वाचून खात्री द्यायला हवी. आहे का कोणी ही लिपी वाचणारं?"

"मग?"

"म्हटलं, कोणी नाही."

माझा कानांवर विश्वास बसेना. अहिल्याबाई घाटापासून शिंदे घाटापर्यंत मोडी वाचणारी ढीगभर घरं होती. पण त्यांना बोलावलं असतं तर शास्त्र्याने शब्द चुकवला म्हणून घाटभर हसू झालं असतं.

"आणि मी?" मी ओरडलेच. "मी दहा पावलांवर बसले होते ना हो!"

"बायको साक्षीला आणली म्हणाले असते लोक," हे म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते.

मी एक्केवाल्याला म्हटलं, "भैया, घुमाओ. वापस कचहरी चलो."

हे म्हणाले, "घर चलो."

एक्केवाल्याने ह्यांचं ऐकलं.