कवळीचं अस्तर

मित्सुए हामासाकीला माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत. एकदा बोटीवर एक गृहस्थ तिच्याशी वीस मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारत होते आणि ही नुसती "हो ना, हो ना" करत होती. शेवटी त्यांनी एक लांबलचक जांभई दिली, तशी ही आनंदाने ओरडली, "अय्या, ओकिता-सान तुम्ही होय! वरची उजवी दाढ काय म्हणतेय?" सगळी बोट ओकिता-सानच्या दाढेकडे बघायला लागली.

मिकुरेजिमा बेटावर दाताचा दवाखाना एकच. तिथे ती छत्तीस वर्षं काम करत होती. डॉक्टर म्हणून नव्हे. दात साफ करायचे, हिरड्या तपासायच्या, ब्रश कसा धरायचा ते शिकवायचं, आणि जे ऐकत नाहीत त्यांना रागवायचं, हे तिचं काम. त्यातलं शेवटचं काम ती दवाखान्याबाहेरही करायची, भाजीच्या दुकानात आणि देवळाच्या पायऱ्यांवरसुद्धा. पहिली सत्तावीस वर्षं होरिए डॉक्टरांच्या हाताखाली गेली. ते वारले आणि त्यांच्या जागी शहरातून त्सुजिमोतो डॉक्टर आले. मनुष्य हुशार, पण कमालीचा लाजरा. बेटावरच्या म्हाताऱ्यांशी काय बोलावं हे त्यांना कळेना, आणि हा मास्क लावलेला पोरगेला माणूस आपल्या तोंडात नक्की काय करतोय हे म्हाताऱ्यांना कळेना. मग दोन्हीकडचं बोलणं मित्सुएच करायची.

आमच्या बेटावर माणूस वयाने म्हातारा होत नाही. वाळवलेला ऑक्टोपस चावता येतोय तोवर तो जवान. बंदरावर काठ्यांना टांगलेल्या ऑक्टोपसचा एक पाय तोडून चघळत गप्पा ठोकणारे नव्वदीचे लोक इथे आहेत, आणि पासष्टीलाच "नको, पोट भरलंय" म्हणून पाय परत करणारेही आहेत. त्यांचं पोट भरलेलं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यामुळे विद्यापीठातून इशिमारू नावाची संशोधक मुलगी आली आणि "पंचाहत्तरीच्या पुढची माणसं कशी चावतात याचा तीन वर्षं अभ्यास करायचाय" असं म्हणाली, तेव्हा बेट बिथरलं. तिने एक खास च्युइंगम आणला होता. तोंडात टाकताना हिरवा, आणि जितका नीट चावाल तितका लाल होत जाणारा. दोन मिनिटं चावायचा, मग रंगाच्या तक्त्याशी ताडून आकडा लिहायचा. दर सहा महिन्यांनी हेच. सोबत वजन, आणि हाताच्या मुठीचा जोर.

"मी मेल्यावर बघा म्हणावं माझं तोंड," एक आजोबा म्हणाले.

"मेल्यावर तुम्ही चावणार आहात का, आजोबा?" मित्सुए म्हणाली. "आत्ताच चावा, मेल्यावर विश्रांती घ्या."

असं करत तिने एकशे बारा माणसं जमवली. इशिमारूने तिच्या हातात नियमांचा कागद दिला होता. त्यात ठळक लिहिलं होतं, की च्युइंगम तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चावला गेला पाहिजे. एकशे अकरा जणांच्या बाबतीत हा नियम मित्सुएने काटेकोर पाळला. उरले उराबे आजोबा.

सेइगो उराबे म्हणजे एके काळचे बेटावरचे होड्या बांधणारे सगळ्यात पट्टीचे सुतार. वय चौऱ्याऐंशी, वरखाली पूर्ण कवळी, आणि स्वभाव खिळ्यासारखा. ते सभागृहात यायला तयार नव्हते. गुडघा दुखतो म्हणाले. घरी गेलं तर म्हणाले, "बायामाणसांसमोर तोंड हलवायला मी काय बैल आहे? आत जाऊन चावतो."

"आजोबा, कागदावर लिहिलंय की..."

"मग कागदालाच चावायला सांग."

मित्सुए हरली. आजोबा सरकत्या दारामागे गेले. ही उंबऱ्यापाशी बसून त्यांनी पुढे केलेला चहा पीत घड्याळ बघत राहिली. दोन मिनिटांनी आजोबा आले आणि त्यांनी पुडीत ठेवलेला च्युइंगम पुढे केला. लालभडक! त्यांची बायको, फुसानो आजी, आत कपड्यांच्या घड्या करत असायच्या, त्यांचा च्युइंगम आधीच घेऊन झालेला असायचा. तोही असाच लाल. त्या एक्याऐंशीच्या, पण सव्वीस दात स्वतःचे.

तीन वेळा असंच झालं. तिकडे विद्यापीठात इशिमारूला झोप लागेना. पूर्ण कवळी असलेल्या माणसाचा असा आकडा तिने कुठे बघितला नव्हता. "मित्सुए-सान, हे काहीतरी वेगळंच आहे!" ती फोनवर किंचाळली. "जिभेच्या ताकदीने होत असेल का? मी परिषदेत यांच्यावर स्वतंत्र बोलणार आहे." तिने बेटाच्या पत्रकातही दोन ओळी लिहून टाकल्या. मग काय विचारता! बंदरावर आजोबांचं नाव 'लोखंडी जबडा' पडलं. शरद ऋतूतल्या ऑक्टोपसच्या जत्रेत व्यासपीठावर उराबे-सान सगळ्यांसमोर अख्खा पाय चावून दाखवतील, असं गावप्रमुखांनी परस्पर जाहीर केलं.

मित्सुएला मात्र एक गोष्ट खटकत होती. आजोबांचं वजन वर्षभरात पाच किलोंनी उतरलं होतं आणि मुठीचा जोर निम्म्यावर आला होता. इतकं छान चावणारा माणूस वाळतो कसा? एका दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं, तेव्हा तिने जपून ठेवलेले च्युइंगमचे नमुने काढले आणि भिंगाखाली धरले. फुसानो आजींना एक सवय होती. त्या च्युइंगम बाहेर काढताना समोरच्या दातांत एकदा दाबायच्या. आणि त्यांच्या समोरच्या दाताला बारीकशी खाच होती, जन्मभर जाळ्यांचा दोरा दाताने तोडल्यामुळे पडलेली. आजींच्या च्युइंगमवर त्या खाचेची इवलीशी उठलेली रेघ उमटलेली होती.

आजोबांच्याही च्युइंगमवर तीच रेघ होती.

"अगंबाई," मित्सुए भिंगाला म्हणाली.

तिने दवाखान्याचा डगला तसाच अंगात ठेवून टेकडी चढायला घेतली. उराबेंच्या घराजवळ येताच आतून सुरीचा टकटकटक आवाज आला. फुसानो आजी ऑक्टोपसचा बारीक भुगा करत होत्या. आजोबा ताटलीसमोर बसले होते, पुढे पातळ पेज, आणि बाजूच्या वाटीतल्या पाण्यात खालची कवळी. मित्सुएला पाहताच त्यांनी झटकन तोंडावर हात ठेवला.

"कुणी शांगितलं तुला यायला?" ते हाताआडून बोलले.

"च्युइंगमने सांगितलं," मित्सुए म्हणाली. "आजी, दोघांचं तुम्हीच चावत होतात ना?"

फुसानो आजींनी सुरी खाली ठेवली आणि त्यांना इतकं हसू फुटलं की त्यांनी पदर नाही म्हणून टॉवेलच तोंडात कोंबला. "वर्षभर, गं! दारामागे बसून! वर हे मला कुजबुजून सांगायचे, जोरात चाव, जोरात चाव. आणि आता म्हणतायत जत्रेत काय करू. मी म्हटलं, मी व्यासपीठाखाली बसते."

"तू गप्प बस," आजोबा म्हणाले.

खालची कवळी दोन वर्षांपासून बसत नव्हती. हिरडी झिजली होती, घास घेतला की कवळी होडीसारखी डोलायची आणि टोचायची. मग वेळीच दवाखान्यात का नाही आलात, असं मित्सुएने विचारलं. वाटीतली कवळी उचलून आजोबांनी तिच्यासमोर धरली.

"होरिएने केलेत हे दात. हा बघ, समोरचा. मुद्दाम वाकडा बसवलाय त्याने. म्हणाला, सेइगो, तुझा खरा दात वाकडा होता, सरळ बसवला तर तुझी बायको तुला घरात घेणार नाही." त्यांनी कवळी परत पाण्यात ठेवली. "तुझा तो शहरातला डॉक्टर हे कचऱ्यात टाकेल आणि मला पियानोच्या पट्ट्या बसवून देईल. मी पेज पिईन, पण ते नको."

मित्सुएला तो दिवस आठवला. मेणाचा नमुना तिनेच दिव्याजवळ धरला होता आणि होरिए डॉक्टर चिमट्याने तो एक दात तिरका करत, मान मागे नेत, पुन्हा तिरका करत बसले होते. केसभराचा फरकही त्यांना चालेना. त्या वर्षीच ते गेले. मग तिने नाक पुसलं आणि नेहमीचा आवाज लावला.

"टाकणार कोण? कवळीला आतून नवं अस्तर लावता येतं. दात तेच, वाकडा तो वाकडाच. कोटाचं अस्तर फाटलं की कोट फेकून देता का?"

"मी कोट घालत नाही."

"आजोबा!"

"बरं, बरं. ओरडू नकोस."

"पण त्या मुलीला खरं सांगावं लागेल."

"मेलो," आजोबा म्हणाले, आणि मुकाट्याने पेज प्यायले.

इशिमारूला फोन मित्सुएने केला. ओळखीच्या माणसाला रागवणं सोपं, पण स्वतःची चूक सांगायची तिला सवय नव्हती. "नियम मी मोडला," ती म्हणाली. "डोळ्यांसमोर चावायला हवं होतं. मी उंबऱ्यावर चहा पीत बसले."

"म्हणजे," इशिमारू हळूच म्हणाली, "ज्या जबड्यावर मी चाळीस पानं लिहिलीत, तो फुसानो-सानचा आहे?"

"हो."

"आणि त्यांचा स्वतःचा आकडा?"

"तोही त्यांचाच. चार मिनिटं चावायच्या बिचाऱ्या."

आधी रडल्यासारखा आवाज आला, मग तो हसण्याचा निघाला. आजोबांचे तिन्ही आकडे अभ्यासातून काढून टाकायचे, का काढले ते स्पष्ट लिहायचं, असं ठरलं. आणि इशिमारू पुढे म्हणाली, की लाजेपायी आणखी किती घरांत कुणीतरी दुसरंच चावत असेल, हे आता शोधायला हवं, आणि ते मित्सुएशिवाय कुणाला जमणार नाही. मित्सुए फोन ठेवून तशीच उभी राहिली. बोलणी खायच्या तयारीने तिने फोन केला होता, आणि मिळालं भलतंच.

त्सुजिमोतो डॉक्टरांनी आजोबांची कवळी दिव्याखाली धरली आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिले. आजोबा खुर्चीत लाकडासारखे ताठ. मग डॉक्टर म्हणाले, "हा वाकडा दात... हे मला जमलं नसतं."

आजोबांनी मित्सुएकडे बघितलं. "बरा आहे की हा," ते डॉक्टरांसमोरच म्हणाले. "बोलतोही."

आधी मऊ अस्तर लावून टोचलेली हिरडी बरी केली, मग माप घेऊन कायमचं अस्तर घातलं, दोनदा घासून पुन्हा बसवलं. तिसऱ्या खेपेला मित्सुएने डब्यातून मुळ्याच्या लोणच्याची चकती काढली. आजोबांनी ती तोंडात टाकली. करकर असा आवाज आला. त्यांनी चावणं थांबवलं, ऐकलं, आणि परत चावायला लागले. लोणचं संपलं तरी ते डब्याकडे बघत राहिले, म्हणून मित्सुएने अख्खा डबाच पुढे केला.

जत्रेच्या दिवशी गावप्रमुखांनी ध्वनिक्षेपकावरून 'लोखंडी जबडा' अशी आरोळी ठोकली. उराबे आजोबा व्यासपीठावर चढले, त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि सुतारकामातला हिशेब सांगावा तसं कोरडेपणाने सांगून टाकलं, "तो च्युइंगम माझ्या बायकोने चावला होता. जबडा तिचा. मी फक्त दार लावून घेतलं." मग कुणीतरी मागून ओरडलं, "मग आजींना वर आणा!"

फुसानो आजी आढेवेढे घेत वर आल्या, ऑक्टोपसचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरला, आणि खाचवाल्या दाताने असा तोडला की पहिल्या रांगेतली मुलं टाळ्या पिटायला लागली. अख्खा पाय संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मधे एकदा फक्त म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय."

पुढच्या तपासणीला उराबे आजोबा सभागृहात आले, आपल्या पायांनी. गुडघ्याचा विषय कुणी काढला नाही. वजन तीन किलोंनी वाढलं होतं. ते सगळ्यांच्या मधोमध खुर्चीवर बसले आणि दोन मिनिटं इतक्या त्वेषाने चावत राहिले की इशिमारूने खुर्ची जरा मागे घेतली. मग त्यांनी च्युइंगम पुडीत काढला आणि रंगाच्या तक्त्याशेजारी धरला.

"लाल," ते म्हणाले.

"गुलाबी, आजोबा," मित्सुए म्हणाली.

"हा लाल नाही तर काय? तुझे डोळे तपासून घे."

"कवळीला गुलाबी म्हणजे उत्तम आहे. तक्त्यावर बघा ना."

"तुझा तक्ता उन्हात फिका पडलाय. ए पोरी, हिचा तक्ता बदल." ते इशिमारूकडे वळले. "आणि आणखी एक च्युइंगम दे. हा मी नीट चावला नव्हता."

इशिमारूने मित्सुएकडे बघितलं. मित्सुएने नाही म्हणून मान हलवली, आकडा लिहिला, तारीख घातली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाली, "तोंड उघडा बघू. अय्या, तुम्ही होय!"