टेगवेनचं सोमवारचं पुस्तक

दर सोमवारी नऊ वाजता मी पोस्टाचं दार उघडलं की पायरीवर टेगवेन बीव्हन उभी असायचीच. चौदा वर्षं. बर्फ असो, खाणीतला संप असो. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला साडेनवाला हजर व्हायचं असायचं, म्हणून पहिला नंबर तिचा. काचेखालून पुस्तक सरकवायची, मी एक पान फाडून शिक्का मारायचे आणि पैसे द्यायचे. मूल सांभाळणाऱ्या बाईला सरकार देतं तो भत्ता. आमच्या खोऱ्यात त्या पैशाला नवरा हात लावत नाही. टेगवेनला नवराच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मूलही नव्हतं.

मूल तिच्या बहिणीचं. लिनेट दोन वर्षांच्या नेरिसला ‘पंधरा दिवसांसाठी’ म्हणून ठेवून दूर इंग्लंडात स्विंडनला गेली, ती गेलीच. पंधरा दिवस कसले डोंबलाचे! गोवर, पडलेले दात, चॅपलमधली गाणी, सगळं टेगवेननं निभावलं. पोरगी तिला मावशी म्हणायची. आई म्हण, असं टेगवेननं तिला कधी सांगितलं नाही. अशा बाबतीत ती फार भित्री.

नेरिस सात वर्षांची असताना लिनेट एकदा उगवली. नवा कोट, ओठ रंगवलेले. पोरीला घेऊन जाते म्हणाली, आणि तेही ऐन सोमवारी, माझ्या रांगेत. मीही काही कमी नाही. टेगवेनचं पुस्तक उचललं आणि काचेला लावलं.

“वाच बाई, नाव कुणाचं आहे? मूल कुणाचं ते सरकारला ठाऊक आहे!”

कायद्याच्या दृष्टीनं मी बोलले त्यात काही दम नव्हता. मला ते माहीत होतं, लिनेटला नव्हतं. ती आल्या पावली परत गेली. टेगवेन मात्र त्या दिवसापासून पुस्तक कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवायला लागली. ते खूळ तिच्या डोक्यात मीच भरवलं.

नेरिसला सोळा वर्षं पूर्ण झाली, शाळा संपली. डोकं चांगलं होतं पोरीचं. तिनं आणखी दोन वर्षं शिकावं म्हणून टेगवेन मागे लागली होती. शिकत राहिली तर पुस्तक चालू, कामाला लागली की बंद, हा नियम. तेवढ्यात लिनेटचं पत्र आलं. ‘मी काम करते त्या बिस्किटांच्या कारखान्यात जागा आहे, निघून ये.’

त्या सोमवारी मावशी-भाची दोघी एकदमच आल्या, त्याही धुसफुसत. मागे बायकांची रांग.

“प्रॉसरबाई, तुम्ही तरी सांगा हिला,” टेगवेन मला म्हणाली. “दोनच वर्षं. मग जा म्हणावं कुठं जायचं तिथं.”

“दोन वर्षं कशाला गं, मावशी?” नेरिसचा आवाज चढला. “माझ्यासाठी, की पुस्तकासाठी? आईनं लिहिलंय मला सगळं. पैसे मिळत होते म्हणून ठेवलंस ना मला?”

मला वाटलं, आता टेगवेन कानफटात देणार. द्यायला हवी होती. तिनं खिशातून पुस्तक काढलं. सप्टेंबरपर्यंतची पानं त्यात शिल्लक होती.

“कामावर कधी जायचंय?”

“येत्या सोमवारी.”

“मग हे जमा करून घ्या, बाई,” टेगवेन मला म्हणाली. नेरिस दार आपटून बाहेर गेली.

टेगवेन काचेपाशी तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “पानं घ्या सगळी. एवढं पुठ्ठ्याचं कव्हर मला द्याल?”

“काय करायचंय त्याचं?”

“माझं नाव आहे ना त्यावर. आणि वर ‘मूल’ असं छापलंय. हे दोन शब्द दुसऱ्या कुठल्याही कागदावर शेजारीशेजारी नाहीत हो.”

मी नियमाची बाई. पुस्तक आख्खं परत पाठवायचं, असा नियम. मी तिच्यादेखत ते पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं. “पुढचं कोण?” म्हणाले. हेच म्हणाले मी.

त्यानंतर सोमवारी पायरी रिकामी असायची. नेरिसची नाताळची कार्डं यायची, दोन ओळींची. टेगवेन ती मला वाचून दाखवायची, आणि त्यात नसलेलंही काहीबाही वाचायची, हे मला कळायचं. दुसऱ्या हिवाळ्यात तिची छाती भरली. इस्पितळात पाच दिवस होती.

टेगवेनला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी नेरिस पोस्टात आली. अंगानं भरली होती, हातांना बिस्किटांचा गोड वास. रांग नव्हती. काचेपाशी उभी राहिली, अगदी टेगवेनसारखी.

“इस्पितळात मला आत सोडलं नाही, प्रॉसरबाई. रात्रपाळीची बाई म्हणाली, भेटायची वेळ संपली, आता फक्त नवरा नाहीतर मुलं. तू कोण? मी म्हणाले, भाची. उद्या ये म्हणाली. मी बाकावर बसून राहिले. पहाटे मावशी गेली.” तिनं नाक पुसलं. “मुलगी म्हणायला हवं होतं. जिभेवर आलं होतं हो! पण त्या दिवशी इथं जे बोलले, त्यानंतर कुठल्या तोंडानं म्हणू?”

मी काचेखालून माझा रुमाल तिच्याकडे सरकवला.

“मी गेल्यावर ती काही म्हणाली का? त्या दिवशी?”

खोटं बोलता आलं असतं. पण त्या पोरीसमोर ते मला जमलं नाही. कव्हरचं सांगितलं. तिनं काय मागितलं आणि का मागितलं, शब्द न् शब्द सांगितला. नेरिस काचेवर कपाळ टेकून ऐकत होती. मग तिनं मान वर केली.

“मग दिलंत ना तिला?”

“नाही गं,” मी म्हणाले. “नाही दिलं.”