माझ्या वाटचा ग्लास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांसमोर मी अजूनही खोटंच बोलते.

मी विरारला शाळेत शिकवायचे. दोन हजार सालानंतरची ती वर्षं आठवतात? सकाळी टीव्ही लावला की कुणीतरी मांडी घालून बसलेला, आणि प्रत्येक दुखण्यावर एक रस. कारल्याचा, कोरफडीचा, दुधीचा. मी वही घेऊन समोर बसायचे. मग शिक्षकांच्या खोलीत, सोसायटीत, निर्मळला सासरी — सगळीकडे तेच सांगत फिरायचे. बायका मला विचारून खायला लागल्या होत्या. ते मला आवडायचं. फार आवडायचं.

निर्मळला माझ्या मोठ्या जाऊबाई, शैलाताई. चौथी शिकलेल्या. केळी, दुधी, वालपापडी, वाडीतलं सगळं त्यांच्या हातचं. त्यांना थोडी साखर निघाली आणि मी त्यांना रोज उपाशीपोटी दुधीचा रस घ्यायला लावला. आठवड्याभरातच म्हणाल्या, "मीना, पोटात ढवळतं गं. अंग नको म्हणतंय."

"आतली घाण बाहेर पडतेय, ताई. सुरुवातीला होतंच तसं."

वाक्य टीव्हीवरचं होतं. पण तोंड कुणाचं होतं?

आणि खरी गोष्ट अशी — मी स्वतः तो रस दोन महिन्यांपूर्वीच सोडला होता. माझंही पोट जळायचं. तास अर्धवट सोडून बाहेर पळावं लागायचं. मी माझ्या शरीराचं ऐकलं, गुपचूप, आणि लोकांना सांगत राहिले की रोज घेते. माझ्या पोटाचं ते खरं आणि त्यांच्या पोटाची ती नुसती कुरकुर — हे मी कुठल्या तोंडाने ठरवलं? आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एका रविवारी आम्ही निर्मळला गेलो होतो. शैलाताईंनी मांडवावरचा दुधी काढला, किसला, पिळला. एक ग्लास त्यांचा, एक माझा. त्यांनी घोट घेतला आणि थांबल्या.

"हा कडू आहे. कडू दुधी आम्ही गुरांनाही घालत नाही."

सासूबाई बघत होत्या. नवरा बघत होता. मी ग्लासात बोट बुडवून चाटलं. जीभ आत ओढली गेली, इतका कडू. मला कळलं. नीट ऐका — मला कळलं होतं. पण टाकून द्या म्हटलं असतं तर सगळ्यांसमोर त्यांचं खरं ठरलं असतं, माझ्या वहीचं खोटं.

"कडू तेच औषध, ताई. डोळे मिटून प्या."

त्या प्यायल्या. पूर्ण. मी माझा ग्लास घेऊन मागे गेले आणि मोरीत ओतला. वर पाणी टाकलं.

अर्ध्या तासात उलट्या. मग उलटीत रक्त. रिक्षाने वसईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, पण हुशार. त्यांनी नेमकं विचारलं, "दुधीचा रस? कडू होता का?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी शिकलेली, मी बोलायचं; मी म्हणेन ते घरात खरं.

"नाही," मी म्हटलं. "मीही तोच प्यायले. मला काही झालं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि दुसरं विचारायला लागले. दुखण्याच्या गोळ्या घेतात का? शैलाताई गुडघ्यासाठी कधीमधी घ्यायच्या. झालं. घरात ठरून गेलं की गोळ्यांनीच पोट सोललं. मोठे दीर खाटेपाशी उभे राहून त्यांना बोलले, परक्या माणसांच्या देखत. सलाईन लावलेली ती बाई एवढंच म्हणाली, "दोनच घेतल्या होत्या हो." मी शेजारी उभी होते. चादर नीट करत होते.

त्या वाचल्या. दहा दिवसांनी घरी आल्या, निम्म्या होऊन.

टीव्हीवरच्या त्या माणसाचा मला अनेक वर्षं राग होता. बरा होता तो राग, सोयीचा. पण त्याला शैलाताईंचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता, दोन हातांवर. त्याने कडू दुधी पाज म्हणून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांशी खोटं बोल असंही सांगितलं नव्हतं. हे माझं स्वतःचं.

आणि शैलाताईंनी काय समज करून घेतला माहीत आहे? की आपलंच चुकलं. जिभेने सांगितलं ते काही खरं नव्हतं, कारण तोच रस मीनाला बाधला नाही. पानाकडे बघून वेलाचं दुखणं ओळखणारी ती बाई. परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, "मीना, पपई खाल्ली की मळमळतं. खाऊ की नको?"

मी सांगितलं, खाऊ नका. त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस तर नाही खात."